शौर्य, संहार आणि स्मारके : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

युद्धात शत्रूला ठार मारणाऱ्या सैनिकाचा समाजाने वीर म्हणून गौरव करावा काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेतील आहे असे सामान्यतः समजले जाते. महाविद्यालयांमधून २६ जुलै रोजी कारगिल विजय दिन साजरा होतो, वीरमाता व वीरपत्नी यांचे सत्कार होतात. अशा प्रसंगी हा प्रश्न काढणे औचित्याला धरून होणार नाही, अशीही एक भावना असते. ती भावना चुकीची म्हणता येणार नाही. तथापि प्रश्न टाळल्याने तो सुटत नाही. दक्षिण व मध्य मुंबईचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हा प्रश्न या शहराने वारंवार हाताळल्याचे दिसते. कधी तो चर्चच्या भिंतीवर कोरला गेला, कधी उच्च न्यायालयात चालला, तर कधी गिरणगावच्या रस्त्यावर आला. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही प्रसंगांचा विचार केला आहे. त्यांवरून असे दिसते की, सैनिकाचा गौरव होत असताना 'मारणे' ही क्रिया बहुधा झाकली जाते आणि गौरव दुसऱ्याच कशाचा तरी होतो.

मराठी भाषेतील शब्दही या दृष्टीने बोलके आहेत. वीरगती, वीरमरण, हुतात्मा, शहीद हे सर्व शब्द मरणाशी निगडित आहेत. मारण्याचा गौरव करणारा तसा एकही रूढ शब्द नाही. महाराष्ट्रात गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी स्वर्गात नेलेला वीर आणि वर शिवलिंगाची पूजा असा क्रम असतो. मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. त्या नौकांमधून शस्त्रे चालताना दिसतात, पण दगड उभारला आहे तो पडलेल्यासाठी. लढाईतून जिवंत परतलेल्या आणि अनेकांना मारलेल्या योद्ध्याला वीरगळ मिळत नसे.

कुलाब्याची भिंत आणि कोरेगावचा स्तंभ

कुलाब्यातील सेंट जॉनचे चर्च 'अफगाण चर्च' या नावाने ओळखले जाते. पहिले अफगाण युद्ध व सिंधची मोहीम यांत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधण्यात आले. त्याची पायाभरणी १८४७ मध्ये झाली व १८५८ च्या जानेवारीत ते उपासनेसाठी खुले झाले. तेथील लेख लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली आहेत. शिपाई व कनिष्ठ दर्जाचे सैनिक यांची संख्या फार मोठी असल्याने ती नोंदता आली नाहीत, असा त्याचा आशय आहे. हे सर्वजण आजाराने किंवा तलवारीने, कर्तव्याचे भान ठेवून मरण पावले, असे तो सांगतो. त्यांनी कोणाला मारले, याविषयी तेथे काही नाही. १८४२ च्या शरद ऋतूत सूड म्हणून इंग्रज फौजेने काबूलची मुख्य बाजारपेठ उद्ध्वस्त केली, त्याचाही उल्लेख नाही. स्मारकाकडून तशी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल, परंतु स्मारक हाच इतिहास मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या चर्चच्या पायाभरणीच्या २६ वर्षे आधी, त्याच मुंबई सैन्याच्या एका पलटणीसाठी पुणे जिल्ह्यात कोरेगाव भीमा येथे जो स्तंभ उभारला जाऊ लागला, त्याची रीत याहून वेगळी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील सुमारे ८०० सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेविरुद्ध दिवसभर गाव राखले. पेशव्यांचे सैन्य जवळपास २० हजार किंवा त्याहून अधिक असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्ष गावावर चालून गेल्या त्या मात्र अरब, गोसावी व मराठे यांच्या मोजक्या तुकड्या होत्या. कंपनीच्या बाजूचे २७५ सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहे आणि देशी शिपायांची नावे आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा महार नावांत आढळणारा प्रत्यय आहे. उरलेल्यांत इतर जातिधर्मांचे सैनिक आहेत.

कंपनी सरकारने हा स्तंभ आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला होता, याविषयी शंका नाही. परंतु ज्यांची नावे अन्यत्र कोणत्याही दगडावर कधी लिहिली गेली नसती, अशा माणसांची नावे त्यावर आली. गावात शिरताना मेलेल्या अरब, गोसावी व मराठा सैनिकांची नावे मात्र कोठेही नाहीत. पुढे शंभर वर्षांनी या स्तंभाचा जो अर्थ लावला गेला, तो समजून घेण्यासाठी हा तपशील आवश्यक आहे. त्याकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या उच्च न्यायालयातील एका खटल्याचा विचार करावा लागतो. मारण्याच्या नीतीची उघड चर्चा ज्यामुळे शहरात झाली, असा हा पहिला मोठा प्रसंग होय.

१८९७ : अफजलखानाचा वध आणि उच्च न्यायालय

जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकोत्सव झाला. त्यात अफजलखानाला मारण्यात शिवाजी महाराजांनी पाप केले काय, या विषयावर व्याख्यान व चर्चा झाली. लोकमान्य टिळक यांनी आपल्या भाषणात गीतेचा आधार घेतला. फळाची इच्छा न धरता, स्वार्थ सोडून, परहितासाठी केलेल्या वधाचा दोष कर्त्याला लागत नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. महाराजांनी खानाला मारले ते स्वतःच्या पोटासाठी नव्हे, म्हणून त्या कृत्याला सामान्य दंडविधानाची फूटपट्टी लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तान्त आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या अखेरीस टिळकांना मुंबईत अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला.

या खटल्याचे राजकीय महत्त्व सर्वज्ञात आहे. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी दोषी व तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष असा कौल दिला आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भाषणात उपस्थित झालेला मूळ प्रश्न न्यायालयाने निकालात काढला नाही. खानाचा वध न्याय्य होता की नव्हता, हे न्यायालयाला ठरवायचे नव्हते. त्या वधाच्या प्रशंसेमुळे सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते काय, एवढेच पाहावयाचे होते. स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा तिचा अर्थ इतका विस्तारला की, सुटकेला जागाच उरली नाही. रँडच्या खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप टिळकांवर ठेवण्यात आलेला नव्हता. आपल्या शिपायांनी केलेल्या संहारासाठी कोरेगावला स्तंभ व कुलाब्याला चर्च उभारणारे सरकार दुसऱ्याच्या योद्ध्याचा गौरव मात्र राजद्रोह ठरवीत होते! यावरून एवढे स्पष्ट होते की, वध करणाऱ्याला वीर म्हणायचे की नाही, याचा निर्णय त्या काळी राज्यसत्तेने स्वतःकडे ठेवला होता.

टिळकांनी दिलेली कसोटी मात्र गंभीरपणे तपासली पाहिजे, कारण पुढे 'गीतारहस्य' (१९१५) या ग्रंथात तिचा तात्त्विक विस्तार झाला आणि महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गावर तिचा खोल परिणाम झाला. कर्त्याच्या बुद्धीवर कृत्याचे मूल्य ठरते, हे या कसोटीचे मर्म होय. सैनिकाच्या बाबतीत ती मोठा दिलासा देते. द्वेषाशिवाय, कर्तव्य म्हणून लढणारा सैनिक आणि खुनी यांच्यात ती स्पष्ट भेद करते. परंतु तिच्यात एक अडचण आहे. बुद्धी निष्काम होती, याची साक्ष कर्त्याखेरीज कोणी देऊ शकत नाही. शिवाजी महाराजांच्या बाबतीत त्यांचे सर्व चरित्र, राज्यकारभार व रयतेविषयीचे धोरण साक्षीला उभे राहते. सामान्य सैनिकाच्या मागे असे काही नसते, आणि पिस्तूल झाडणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला तोच दावा करता येतो. शिवाय ही कसोटी युद्ध कशासाठी चालले आहे, हे विचारतेच असे नाही. अन्यायाच्या युद्धातही निष्काम बुद्धीने लढणारे सैनिक असतात.

स्वतः टिळकांनी व्यवहारात मात्र दुसरी बाजू सोडली नव्हती, हेही नमूद करावयास हवे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. सैन्यभरतीला पाठिंबा देताना टिळक स्वराज्याचा मुद्दा मांडू लागले. त्यांना थांबवण्यात आले, तेव्हा ते सभागृह सोडून निघून गेले. सैनिकाने कोणासाठी व कोणत्या हक्कांच्या बदल्यात लढावे, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता, असा याचा अर्थ होतो.

परळहून कोरेगावकडे

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. त्या काळात ते परळच्या पोयबावडी भागातील बी. आय. टी. चाळीत राहत होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होते. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांतानुसार महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, मोडली गेली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे १९२७ च्या भेटीचा अर्थ उलगडतो. तेथे गौरव झाला तो इंग्रजांच्या साम्राज्यविस्ताराचा नव्हे. पेशव्यांचे किती सैनिक मारले, याचाही नव्हे. ज्या समाजाला गावात शस्त्र धरण्याचा काय, सावली पाडण्याचाही अधिकार नव्हता, त्या समाजातील माणसे शिस्तीने, इतरांच्या बरोबरीने लढू शकतात, याचा दगडावर कोरलेला पुरावा तो स्तंभ होता. सैनिकी पेशा हा माणूसपणाचा व नागरिकत्वाचा दाखला ठरला. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ आला होता.

या गौरवावर दोन आक्षेप घेतले जातात. ते सैनिक परकीय कंपनीचे पगारी शिपाई होते, हा पहिला आक्षेप. पण पेशव्यांच्या फौजेतील अरबही पगारीच होते आणि त्या काळातील बहुतेक सैन्ये अशीच असत. राष्ट्राची आजची कल्पना १८१८ वर लादता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कोरेगावच्या लढाईला केवळ दोन जातींमधील युद्धाचे रूप दिले, तर स्तंभावरील उरलेली नावे आणि समोरच्या बाजूचे मिश्र स्वरूप दृष्टिआड होते. हा आक्षेप इतिहास म्हणून मान्य करावा लागेल. मात्र त्यामुळे २२ नावांचे महत्त्व कमी होत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, तेथे हिंसाचार होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला आणि ३ जानेवारीच्या बंदमध्ये मुंबईतील रेल्वे व रस्ते अडले. दोनशे वर्षांपूर्वीचे शौर्य कोणाचे मानायचे, यावरून आजही माणसाचा जीव जातो.

बाबासाहेबांचा विचार येथेच थांबला नाही. ज्यांनी सैनिकी वारशाचा अभिमान जागवला, त्यांनीच १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. या दोन गोष्टींत विसंगती आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयातर्फे प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची इच्छा व मारण्याची गरज असा भेद केला आहे. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीचा सेनापती सिंह बुद्धाला विचारतो की, अहिंसा मानणाऱ्याने आपल्या लोकांच्या रक्षणासाठी युद्ध करावे की नाही. त्याला मिळालेल्या उत्तराचे तात्पर्य असे की, न्याय व सुरक्षितता यांसाठी लढणाऱ्यावर हिंसेचा दोष येत नाही. शांततेचे सर्व मार्ग खुंटल्यावर, युद्ध सुरू करणाऱ्यावर त्या हिंसेची जबाबदारी पडते.

टिळकांच्या आणि या कसोटीत महत्त्वाचा फरक आहे. येथे माप कर्त्याच्या अंतःकरणात नाही, बाहेर आहे. युद्ध कोणी सुरू केले, इतर मार्ग खरोखर संपले होते काय, रक्षण कोणाचे होत होते, हे प्रश्न पुराव्याने तपासता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल अशी ही कसोटी आहे. सैनिकावरील ओझे ती थोडे हलके करते आणि राज्यकर्त्यांवरील वाढवते.

गिरणगाव, दादर आणि १९४६

दुसऱ्या महायुद्धात हे प्रश्न मध्य मुंबईत एकाच वेळी तीन तोंडांनी बोलत होते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्यात सुमारे ९० हजार कामगार सामील झाल्याचे सांगितले जाते. दादरला शिवाजी पार्कजवळ राहणारे वि. दा. सावरकर हिंदूंच्या सैनिकीकरणासाठी भरतीचा आग्रह धरीत होते. दादरच्याच हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहिलेले आंबेडकर वेगळ्या कारणाने भरतीच्या बाजूचे होते. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर कम्युनिस्टांनीही भूमिका बदलली, तो भाग निराळा. कोकणातील घरातून एक मुलगा गिरणीत व दुसरा पलटणीत जाई. हे वादविवाद त्या घरांपर्यंत किती पोचले असतील, कोण जाणे. माणगाव परिसरातील यशवंत घाडगे हे तरुण नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटेच चालून गेले. तेथील शत्रुसैनिकांना त्यांनी ठार केले आणि ते स्वतः गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे. साम्राज्याचे शिपाई असूनही ते फॅसिझमविरुद्धच्या युद्धात पडले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने आला. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर संप सुरू झाला आणि तो बंदरातील जहाजांवर पसरला. २१ तारखेला फोर्टमधील कॅसल बॅरॅक्ससमोर गोळीबार झाला. तेथे आधी नेमलेल्या मराठा पलटणीच्या शिपायांनी आपल्याच देशबांधव नाविकांवर गोळ्या झाडण्याची तयारी दाखवली नाही आणि मग गोऱ्या शिपायांना पुढे आणावे लागले, अशा आठवणी उठावाशी संबंधितांनी नोंदवल्या आहेत. २२ व २३ तारखेला गिरणगाव रस्त्यावर उतरला. लष्कर व पोलीस यांच्या गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. परळ भागात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे यांचा त्यात मृत्यू झाला.

पेशावरच्या किस्साखानी बाजारात एप्रिल १९३० मध्ये चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला व तुरुंगवास पत्करला. मुंबईच्या त्या मराठा शिपायांना इतिहासाने तेवढीही ओळख दिली नाही. नाविकांच्या उठावाचे स्मारक कुलाब्यात उभे राहिले, तेही अर्धशतक उलटल्यावर. बंदूक हातात असून ती न चालवणे यालाही धैर्य लागते, आणि त्याची शिक्षा कोर्टमार्शल असते. पण अशा धैर्यासाठी पदक नाही.

परमवीरचक्र : रस्ता आणि रायफल

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च शौर्यपदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या विदुषी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी होत्या. पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. दधीची ऋषींनी देहत्याग करून दिलेल्या अस्थींतून वज्र घडले, ही त्यामागील कथा होय. रचना त्यागाची आठवण देते, परंतु वज्र हे शेवटी वृत्राला मारण्याचे शस्त्र आहे. दोन्ही अर्थ त्या कांस्याच्या तुकड्यात एकत्र नांदतात.

पदकविजेत्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे त्यांनी जखमी अवस्थेत, शत्रूच्या माऱ्यात, सलग काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना हयातीतच परमवीरचक्र मिळाले. कोणालाही न मारता केलेले ते शौर्य होते.

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे मानपत्र वेगळे आहे. १९४६ मध्ये मुंबईत जन्मलेले, एस. आय. ई. एस. या संस्थेत शिकलेले परमेश्वरन महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत जाफनाच्या परिसरात त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावर त्यांनी त्याच हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते आदेश देत राहिले. येथे राज्यसंस्था मारण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करते. समोरून हल्ला आलेला असल्याने बाबासाहेबांच्या भाषेत ती गरज होती, इच्छा नव्हे. परंतु मोहिमेविषयी असे सहज म्हणता येत नाही. शांतिसेना म्हणून गेलेले सैन्य काही महिन्यांत ज्या तमिळांच्या रक्षणाचा करार झाला होता त्यांच्यातील एका संघटनेशी लढू लागले. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफनाच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मारल्या गेल्या. त्याचा आरोप भारतीय सैनिकांवर आहे, आणि ते लोक चकमकीत सापडले, असे लष्कराचे म्हणणे आहे. एका अधिकाऱ्याच्या पदकाने त्या रुग्णालयाचा प्रश्न मिटत नाही आणि त्या रुग्णालयामुळे त्या अधिकाऱ्याचे शौर्यही खोटे ठरत नाही.

मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली. सुमारे १२०० सैनिक परतले नव्हते. त्या तुकडीच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री मु. करुणानिधी उपस्थित राहिले नाहीत. आपल्या तमिळ बांधवांना मारून आलेल्या सैन्याचे स्वागत करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर देशभर टीका झाली. ज्यांनी त्या सैनिकांना समुद्रापार पाठवण्याचा निर्णय घेतला होता, त्यांना जाब विचारणारे आवाज मात्र त्या मानाने फारच थोडे होते.